गणेशखिंड उद्यान

गणेशखिंड उद्यान हे पुणे शहरातील वृक्षसंग्रहाचे व फळसंशोधनाचे एक जुने क्षेत्र असून राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. सुमारे ३३ हेक्टरांच्या या क्षेत्रास २०२० साली महाराष्ट्र शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर जवळच असला, तरी हे उद्यान त्या विद्यापीठाचे नव्हे. नामसादृश्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

इतिहास

ब्रिटिश अमदानीत १८७३ साली वनस्पती उद्यान म्हणून त्याची स्थापना झाली. ‘गार्डनिंग इन इंडिया’ या ग्रंथाचे कर्ते जी. मार्शल वुड्रो हे येथे अधीक्षक होते. पुढे येथे फळसंशोधन सुरू झाले. डॉ. चीमा यांनी १९२७ च्या सुमारास लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून पेरूचे एक झाड निवडले. ‘लखनौ-४९’ अर्थात ‘सरदार’ हा वाण तो हाच. ‘चीमा साहेबी’ हे द्राक्षाचे वाणही येथलेच. बाजारात पेरू घेताना हे जन्मस्थान कोणाला आठवत नाही. १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर हे केंद्र त्याच्याकडे आले.

मातृवृक्षांचे महत्त्व

आंब्याच्या बहुतेक भारतीय जातींत कोयीपासून उगवलेले झाड मूळ झाडासारखे निपजत नाही. जात टिकवायची तर कलमच करावे लागते. त्यामुळे एखाद्या दुर्मीळ जातीचे एकमेव झाड कलमे करण्यापूर्वी उन्मळून पडले, तर ती जातच संपते. जुने मातृवृक्ष हा म्हणूनच जिवंत जनुकसंग्रह ठरतो. तेवढ्याच संख्येने नवी रोपे लावून त्याची भरपाई होत नाही. रस्ते वा इमारतींसाठी वृक्षतोड करताना ‘एकास दहा’ असा हिशेब मांडला जातो, तो येथे गैरलागू आहे.

व्यवस्थापन

जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३७ अन्वये राज्य शासन स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून असे क्षेत्र अधिसूचित करते. राज्यातील पहिले वारसास्थळ, गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली, हे नैसर्गिक सागवान वन आहे. गणेशखिंड मात्र मानवनिर्मित आहे. त्यामुळे त्यास आपोआप वाढू देणे पुरेसे नाही. छाटणी, कलमीकरण, नोंदवही व नामफलक ही कामे अखंड चालावी लागतात.

संवर्धन, संशोधन आणि विरंगुळा यांची ओढाताण अशा ठिकाणी अटळ असते. वाळलेले खोड तांबट व सुतार पक्ष्यांना घरट्यासाठी हवे असते. फळबागेचा अभ्यासक तेच खोड कीडरोगांच्या भयाने काढू पाहतो. फिरावयास येणाऱ्यांच्या सततच्या वर्दळीने मुळांवरची माती दबते आणि पाणी मुरेनासे होते. यासाठी पायवाटा ठरवून देणे व जुन्या झाडांचे बुंधे मोकळे ठेवणे हा उपाय आहे. सरसकट प्रवेशबंदी हा सोपा मार्ग खरा, पण ज्या उद्यानात नागरिकांनी पाऊलच टाकलेले नाही त्याच्या रक्षणासाठी ते पुढे येणे कठीण. वारसास्थळाचा दर्जा मिळाल्याने रहिवाशांच्या प्रचलित वापरावर आपोआप बंधने येत नाहीत, असेच राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे मार्गदर्शक धोरण आहे.