२७. हत्यारांचा सत्याग्रह

१९२७ साली नागपूरचे काँग्रेस कार्यकर्ते मंचेरशा आवारी यांनी केलेली चळवळ. १८७८च्या हत्यारांच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा होता; युरोपीयांना मात्र सवलत. आवारींचे अनुयायी उघड्यावर तलवारी घेऊन मिरवणुकीने निघत व अटक करवून घेत. स्वतः आवारी (लोकांच्या तोंडी ‘जनरल’) तुरुंगात गेले.

मूळ मजकुरातील ‘अर्जवाले’ म्हणजे काँग्रेसमधला अर्ज-विनंत्या करणारा जुना पक्ष. १८८७च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याचे नियम सैल करण्याची मागणी ठरावांतून करीत होती. कायदा राहू द्या, जाच कमी करा, एवढेच तिचे म्हणणे. आवारींना कायदाच मोडायचा होता. गंमत अशी, की त्यांना पाठिंबा नाकारला तो खुद्द गांधीजींनी: अहिंसेचे व्रत आणि हातात तलवार, हे जमायचे कसे? या कायद्याबद्दलचा गांधीजींचा स्वतःचा राग मात्र जुनाच होता.



काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, पण ‘नियमांच्या अधीन राहून’. त्याच आधारे ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत या हक्कासाठी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, ती फेटाळली गेली. राज्यघटनेच्या कलम १९मध्ये उरला तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा हक्क.