रबरी ऑक्टोपस आणि तुर्की सूड

१९७१ साली तुर्कस्तानात 'तारकान : व्हायकिंगचे रक्त' नावाचा एक सूडपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मेहमेत अस्लान आणि नायक कार्ताल तिबेत. कथानक दोन ओळींत सांगता येते. हूणांचा राजा अ‍ॅटिला याच्या मुलीला व्हायकिंग पळवून नेतात. त्या धुमश्चक्रीत तारकान या हूण वीराचा लाडका लांडगा मारला जातो, आणि तारकान सूडासाठी शत्रूच्या मुलखात शिरतो. राजकन्येला सोडवणे हे त्याचे कर्तव्य आहे, पण त्याचे रक्त उसळते ते लांडग्यासाठी. त्याचे कारणही आहे. तारकानला लहानपणी लांडग्यांनीच वाढवलेले असते. मेलेल्या लांडग्याचे पिल्लू आता त्याच्या सोबतीला असते, आणि बापलेक दोघांचे नाव एकच : कुर्त, म्हणजे तुर्की भाषेत लांडगा!

हा चित्रपट आज पाहणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत हसू फुटते. लांडगा म्हणून जो प्राणी समोर येतो तो सरळसरळ अल्सेशियन कुत्रा आहे. व्हायकिंगांच्या डोक्यावर सोनेरी टोप आहेत, ओठांवर चिकटवलेल्या मिशा आहेत आणि अंगावर भडक रंगांत बुडवून काढलेली लोकर आहे. या सगळ्यावर कडी करतो तो राक्षसी ऑक्टोपस. व्हायकिंग लोक आपले बंदी त्याला बळी देतात. तो इतका उघड रबरी आहे की बळी जाणाऱ्यालाच त्याचे पाय स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळून घ्यावे लागतात आणि वर किंचाळावेही लागते. या शतकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांत या चित्रपटाची डीव्हीडी निघाली, आणि 'इतका वाईट की मजा यावी' अशा चित्रपटांच्या शौकिनांनी तो डोक्यावर घेतला. त्यांच्या हसण्यात प्रेम आहे हे आम्हाला मान्य आहे. पण त्या हसण्याखाली इतिहासाचा जो भाग झाकला जातो, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आधी त्या गबाळेपणाचा हिशेब. इस्तंबूलच्या बेयोलू भागात येशिलचाम नावाची एक गल्ली आहे. चित्रपट कंपन्यांची कचेऱ्या तिथे होत्या, म्हणून तुर्की चित्रपटसृष्टीलाच 'येशिलचाम' हे नाव पडले. १९७२ साली या गल्लीतून सुमारे ३०० चित्रपट बाहेर पडले. एवढे चित्रपट काढायला पैसा कुठून आला? तर तो बव्हंशी नव्हताच. अदाना, इझमीर, सामसून अशा विभागांचे वितरक आगाऊ हुंड्या देत. त्या हुंड्या वटवून निर्माता चित्रीकरण सुरू करी. साहजिकच कोणता नट हवा, किती मारामाऱ्या हव्यात आणि शेवट कसा हवा हे वितरकच ठरवीत. कच्ची फिल्म परदेशातून येई, आणि परकीय चलनाची कायम चणचण. त्यामुळे एका दृश्याचे दुसऱ्यांदा चित्रण करणे ही चैन होती. आवाज जागेवर ध्वनिमुद्रित करण्याची सोय नव्हती. कॅमेऱ्याबाहेर एक माणूस संवाद वाचून दाखवी, नट ओठ हलवीत, आणि मागाहून दुसरेच कलाकार बंद खोलीत आवाज देत. नायकाचे ओठ एक सांगतात आणि कान दुसरे ऐकतात, त्याचे कारण हे आहे. ज्याला आपण गबाळेपणा म्हणतो तो बहुतेक ठिकाणी तुटवड्याचा दस्तऐवज आहे. रबरी ऑक्टोपसने कोणालाच फसवले नाही. अनातोलियातल्या उघड्या मैदानावर बसून चित्रपट पाहणाऱ्या पोरालाही तो खोटा आहे हे कळत असणार.

खरी चूक ऑक्टोपसमध्ये नाहीच. अ‍ॅटिला मेला इ. स. ४५३ मध्ये. व्हायकिंगांच्या युगाचा आरंभ इतिहासकार धरतात तो ७९३ सालच्या लिंडिसफार्न मठावरील हल्ल्यापासून. मध्ये ३४० वर्षे. म्हणजे तारकान ज्यांचा सूड घ्यायला निघाला त्यांचे खापरपणजोबाही अजून जन्मायचे होते. (व्हायकिंगांची शिंगांची शिरस्त्राणे ही तर १८७६ सालच्या एका जर्मन संगीत नाटकाच्या वेशभूषेने रूढ केलेली समजूत, खऱ्या व्हायकिंगांची अशी शिरस्त्राणे सापडलेली नाहीत. या एका बाबतीत तुर्कांना दोष देता येत नाही, सगळ्या जगाने ती चूक केली आहे.) गंमत अशी की खरे व्हायकिंग इस्तंबूलला खरोखर आले होते. बायझंटाइन सम्राटाच्या अंगरक्षक दलात त्यांचा भरणा होता, आणि आया सोफियाच्या सज्जातल्या संगमरवरावर त्यांच्यापैकी कोणीतरी कोरलेली रुनिक अक्षरे आजही आहेत. पण खरा इतिहास दाराशी असताना निर्मात्यांना तो नको होता. त्यांना अ‍ॅटिला हवा होता.

अ‍ॅटिलाच का? तारकान हा मूळचा सेझगिन बुराक यांच्या चित्रकथेचा नायक. ज्या पिढीसाठी ती निघाली तिने शाळेच्या पुस्तकांतून हूण हे आपले पूर्वज असल्याचे वाचले होते. १९३२ साली अंकाऱ्यात पहिली तुर्की इतिहास परिषद भरली. तुर्कांचे मूळ मध्य आशियात आहे, त्यांची संस्कृती इस्लामच्या आणि उस्मानी राज्याच्या कितीतरी आधीची आहे, असा सिद्धांत तिथे मांडला गेला आणि पाठ्यपुस्तकांत उतरला. मशिदीत न जाणारा, मद्य पिणारा आणि तलवार गाजवणारा तारकान हा त्या सिद्धांताचा पडद्यावरचा नातू आहे. मुस्लिम देशाच्या चित्रपटातला हा बिगरमुस्लिम वीर आहे, आणि प्रेक्षकांना त्यात काहीच वावगे वाटले नाही.

मात्र त्याच गल्लीत दुसराही एक सूडवीर तयार होत होता, आणि तो गाझी होता. १९७१ साली 'बत्ताल गाझीची गाथा' आली, १९७२ साली नातुक बायतान यांनी दिग्दर्शित केलेला 'बत्ताल गाझीचा सूड'. नायक जुनेत आर्किन, म्हणजे आपल्याकडचा जुनैद. तो किल्ल्याच्या तटावरून असा उडी मारतो की खालची झुलती जाळी आपल्याला न दिसताही जाणवते. इथेही काळाचा हिशेब चुकलेलाच आहे. इतिहासातला अब्दुल्लाह अल-बत्ताल हा उमय्यांच्या सैन्यातला सरदार, ७४० साली अक्रोइनोनच्या लढाईत पडला. मलाझगिर्तची लढाई, जिच्यानंतर तुर्कांना अनातोलियाची वाट मोकळी झाली, ती १०७१ ची. लोककथांनी या अरब सरदाराला तुर्क केले होते. चित्रपटांनी त्या तुर्कत्वावर शिक्का मारला.

येथे मात्र आमचे हसू थांबते. कारण व्हायकिंग कोणत्याही मोहल्ल्यात राहत नव्हते, पण बत्ताल गाझीचे शत्रू बायझंटाइन होते. म्हणजे ग्रीक बोलणारे, क्रूस धारण करणारे, पाद्र्यांसह कपटी आणि क्रूर. आणि ग्रीक लोक इस्तंबूलमध्ये राहत होते. ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ ला बेयोलूच्या हमरस्त्यावर जमावाने ग्रीकांची दुकाने फोडली. शहरभरात त्यांची संख्या चार हजारांच्या वर गेली. येशिलचाम गल्ली त्याच हमरस्त्याला फुटते. १९६४ साली सायप्रसच्या तंट्यावरून सुमारे १२ हजार ग्रीक नागरिकांना देशाबाहेर काढण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबेही गेली. बायझंटाइन खलनायकांच्या सूडपटांचा बहर हा सायप्रसच्या त्याच वर्षांचा आहे. ऐतिहासिक चित्रपटात दाढी, शिरपेच आणि क्रूर हास्य दिसले की चित्रपटगृहात बसलेल्या अल्पसंख्य माणसाला काय वाटते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शेजाऱ्याच्या नजरेत पडद्यावरचा मेलेला सुलतान आणि बाजूच्या खुर्चीवरचा जिवंत माणूस एक होऊन जातात. जो न्याय आम्ही आमच्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांकडे मागतो, तो मुसलमानांनी काढलेल्या चित्रपटांकडून ग्रीकांना मिळाला नाही, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटू नये.

निर्माते द्वेष पेरायलाच बसले होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते हुंड्या फेडायला बसले होते. आणि त्या गल्लीतले सगळेच काही तुर्क मुसलमान नव्हते. कॅमेऱ्यामागे ग्रीक होते, पडद्यावर आर्मेनियन होते. येशिलचामचा गाजलेला खलनायक केनान पार्स हा जन्माने किरकोर जेझवेजियान, आर्मेनियन ख्रिस्ती. युसूफ खानचा दिलीपकुमार होणे आपण जाणतो. ही त्याच जातीची गोष्ट.

नुबार तेर्झियान हा आर्मेनियन नट मात्र पडद्यावर आर्मेनियन नावानेच वावरला. शेकडो चित्रपटांत तो मायाळू म्हातारा, कोणाचा काका, कोणाचा दुकानदार म्हणून येत राहिला. १९७९ साली लोकप्रिय नायक आयहान इशिक वारला तेव्हा तेर्झियानने वर्तमानपत्रात शोकनिवेदन छापले आणि प्रेमाने 'तुझा काका' अशी सही केली. त्यावर इशिकच्या घरच्यांनी खुलासा छापून आणला की दिवंगताचे या गृहस्थांशी कोणतेही नाते नाही.