त्रिकला प्रवाहाचे गणित आणि लांज्याची वीज

लांजा तालुक्यातील एखाद्या वाडीत घराच्या ओसरीपर्यंत विजेच्या दोनच तारा येतात. भातगिरणीच्या मोटरीस मात्र तीन कलांच्या तीन तारा लागतात. हा भेद ज्या गणितावर उभा आहे ते गणित १८८८ ते १८९३ या अल्पकाळात आकारास आले.

१८८८ साली फेरारिस व टेस्ला यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना मांडली. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की याने तिला त्रिकला रूप दिले, आणि १८९१ साली लाउफेनहून १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टला त्रिकला वीज पोचली. पुढे १८९३ मध्ये स्टाइनमेट्झने सदसत् संख्यांचा आश्रय घेऊन प्रत्यावर्ती प्रवाहाचे किचकट गणित साध्या बीजगणिताच्या आवाक्यात आणले. महाराष्ट्रात खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. पोफळीचे भूमिगत वीजगृह १९६२ साली सुरू झाले. पोफळी लांज्याच्याच जिल्ह्यात, परंतु तेथील विजेची वाट प्रामुख्याने मुंबईकडे गेली.

प्रवाह काढण्याची रीत अशी. एककला मंडलात शक्तीला दाब व शक्तिगुणक यांच्या गुणाकाराने भागावे. त्रिकला मंडलात १२० अंशांच्या अंतराने येणाऱ्या कोणत्याही दोन कलांमधील दाब एका कलेच्या √३ पट असतो, म्हणजे २३० व्होल्टचे सुमारे ४०० होतात. म्हणून भाजकात √३ हा अंकही येतो. मोटर १० किलोवॅट शक्ती घेते व शक्तिगुणक ०.८ आहे असे धरल्यास एककला प्रवाह ५४ अँपिअर, तर त्रिकला प्रवाह केवळ १८ अँपिअर भरतो. तारांतील नाश प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तेव्हा तितक्याच जाडीच्या व लांबीच्या तारांत, एककलेच्या दोन तारांऐवजी त्रिकलेच्या तीन तारा धरूनही, हा नाश एक-षष्ठांशावर येतो. डोंगरउतारांवर विखुरलेल्या वस्तीपर्यंत लांबच लांब वाहिन्या न्याव्या लागतात, तेथे या अपूर्णांकाचे मोल सहज कळते.

√३ ऐवजी ३ ने भागण्याची चूक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते. तसे केल्यास उत्तर १०.४ अँपिअर येते आणि त्यावरून निवडलेली तार तापते. (चूक कागदावर किरकोळ दिसते.) याच √३ चे दुसरे रूप कोकणातील पावसाळ्यात प्रत्ययास येते. झाडाची फांदी पडून एक कला तुटली तरी चालू मोटर बहुधा थांबत नाही. तोच भार ती उरलेल्या दोन तारांवर ओढू लागते, आणि शक्तिगुणक तोच राहिला असे मानल्यास १८ अँपिअरचा प्रवाह ३१ वर जातो. गिरणीवाला चाकाचा बदललेला आवाज ऐकून खटका पाडील तर मोटर वाचते. अन्यथा अतिभाररोधकाने वेळीच मंडल तोडले नाही, तर वेटोळ्यांचे आवरण जळते.