कोंबडीच्या खाद्यातील वनौषधी
मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात वनस्पतिजन्य पूरके मिसळण्याची पद्धत प्राचीन पशुवैद्यकाची अखंड परंपरा म्हणून विकली जात असली, तरी तिचा व्यापारी विस्तार प्रतिजैविकांच्या, म्हणजे जंतुरोधक औषधांच्या, इतिहासाशीच बांधलेला आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणाऱ्या अवशेषांवर पोसलेली पिल्ले अधिक वेगाने वाढताना आढळली, आणि रोग नसतानाही केवळ वजनासाठी औषधाची अल्प मात्रा देण्याची प्रथा पुढे जगभर रुजली. अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा धोका ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९मध्ये मांडला. स्वीडनने १९८६मध्ये, तर युरोपीय संघाने २००६पासून ही प्रथा बंद केली. भारताने २०१९मध्ये कोलिस्टिनवर, म्हणजे गंभीर रुग्णांसाठी राखलेल्या औषधावर, पशुपालनात बंदी घातली. ही रिकामी होणारी जागा भरण्यासाठी लसूण, हळद, ओवा यांचे अर्क पुढे आले. ओव्यातील थायमॉल जंतूंच्या वाढीला अटकाव करते खरे. परंतु पिकाचे वाण, माती व काढणीनुसार त्याचे प्रमाण बदलत असल्याने कळपागणिक परिणामही बदलतो, आणि जाहिराती नेमक्या याच बाबतीत मौन पाळतात.