सातू, सुरा आणि शेतकरी

पुण्याहून निघून नीरा ओलांडली म्हणजे सातारा जिल्ह्यांतील पहिलें मोठें गांव लागतें तें शिरवळ. येथील शेतकऱ्याचें धान्य ज्वारी-बाजरी. सातू त्याच्या शेतांत सहसा दिसत नाहीं. तथापि त्यास बिअरच्या कारखान्यांत नेऊन उभें केलें, तर तेथील बहुतेक क्रिया त्यास परक्या वाटूं नयेत. सातू भिजत घालावयाचा, उपसून मोड आणावयाचे, ते फार वाढण्यापूर्वीं दाणा भट्टींत सुकवावयाचा. नाचणीचें सत्त्व करणारी त्याची गृहिणी याहून निराळें काय करते? मोड येतांना दाण्यांत जें पाचक द्रव्य उत्पन्न होतें, तेंच पुढें ऊन पाण्यांत पिष्टाची साखर करतें. मग तें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून उकळावयाचें, निववावयाचें आणि किण्व घालून आंबवावयाचें. हॉप तेवढा त्यास नवा. उरलेला चोथा गुरांस चारतात हें पाहून तर त्यास आपलाच गोठा आठवेल.

ही विद्या आम्हांस विलायतेनें शिकविली अशी समजूत असल्यास ती चुकीची होय. शतपथ ब्राह्मणांत सौत्रामणी यज्ञाच्या सुरेसाठीं जे पदार्थ सांगितले आहेत, त्यांत शष्प आणि तोक्म हे येतात. मोड आलेले तांदूळ व मोड आलेला सातू, असा त्यांचा अर्थ भाष्यकार करतात. कौटिल्यानें तर सुराध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमला, आणि मेदक नांवाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असें मापही दिलें. किण्वाचें काम स्त्रिया व मुलें यांजकडे सोंपविलें आहे. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें दुसरेंच: इतका करडा अर्थशास्त्रज्ञ, पण कुटुंबवत्सल गृहस्थास घरच्या कार्यांत श्वेतसुरा करण्याची मोकळीक तो ठेवतो, आणि उत्सव-यात्रांस चार दिवसांची सूट देतो. राजानें कर घेतला, पण घरचें मडकें फोडलें नाहीं.

तें मडकें फुटलें इंग्रजी अमलांत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळण्याचा अधिकार सरकार व त्याचे मक्तेदार यांचा झाला. १८९२ त ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचाच निराळा कायदा झाला. रानांतील फूल घरांत ठेवणें हा गुन्हा होऊं लागला. इकडे गोऱ्या शिपायाच्या तहानेसाठीं एडवर्ड डायरनें १८५५ त कसौलीस बिअरचा कारखाना काढला होता, त्यास कोणाची हरकत नव्हती. मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे जोतीराव फुले यांनीं मात्र १८८० त पुणें नगरपालिकेस पत्र लिहून दारूच्या वाढत्या दुकानांस विरोध केला. महसूल सरकारास आणि नाश रयतेचा, हा हिशेब त्यांस दिसत होता.

कारखानदार शेताकडे गेला, असेंही एक उदाहरण आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनींत १८९९ त रुजू झालेला विल्यम गॉसेट सातूच्या वाणांच्या परीक्षेंत गढून गेला. थोड्या नमुन्यांवरून अनुमान करण्याची १९०८ ची त्याची कसोटी, जी 'स्टुडंट' या टोपणनांवानें प्रसिद्ध आहे, अशाच कामांतून निघाली.

आमच्याकडे दारूबंदीचा कायदा १९४९ पासून पुस्तकांत कायम आहे. आणि तो कायम असतांनाच २००७ त महाराष्ट्र सरकारनें धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांस उत्तेजन देण्याचें धोरण जाहीर केलें! या वेळीं धान्य सातू नव्हे, शिरवळच्या शेतांतलें ज्वारी-बाजरीच होतें. पावसानें काळ्या पडलेल्या ज्वारीस भाव येईल, असें शेतकऱ्यास सांगण्यांत आलें. साताऱ्यांत व्यसनमुक्तीचें काम करणारे नरेंद्र दाभोलकर व गडचिरोलीचे अभय बंग यांनीं त्या धोरणास कडाडून विरोध केला. आम्ही त्या विरोधाच्या बाजूचे आहोंत, हें लपवीत नाहीं. त्या कारखान्यांत शेतकरी गेलाच, तर त्यास ओळखीचें फारसें कांहीं दिसणार नाहीं. तेथें दाणा मोड येण्याची वाट पाहत नाहीं. तो दळून शिजवितात, आणि विकत आणलेलें पाचक द्रव्य त्यांत ओततात.