डार्विन माउंड्स
अटलांटिक महासागरातील थंड पाण्याच्या प्रवाळांची संरक्षित टेकाडे. स्कॉटलंडमधील केप राथ या भूशिराच्या वायव्येस सुमारे १८५ किमी. अंतरावर, अंदाजे १,००० मी. खोलीवर ती पसरली आहेत. १९९८ मध्ये त्यांचा शोध लागला. ‘चार्ल्स डार्विन’ या संशोधन जहाजावरून हे नाव पडले.

येथील टेकाडे वाळूची असून उंची जास्तीत जास्त ५ मी., तर व्यास सु. ७५ मी. पर्यंत असतो. माथ्यावर लोफेलिया पर्टुसा या प्रवाळाची झुडपे वाढतात. सूर्यप्रकाश व सहजीवी शैवले नसल्याने हे प्रवाळ प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण व सूक्ष्म प्राणी टिपून जगते. काही टेकाडांमागे प्रवाहाच्या दिशेने वाळूची लांब शेपटी असते. तीत झेनोफायोफोर हे एकपेशीय, तरीही तळहाताएवढे होणारे जीव आढळतात.

ट्रॉलरची जड जाळी तळावरून ओढली गेल्याने प्रवाळांचा चुरा झाल्याचे २००० मधील पाहणीत दिसले. ऑगस्ट २००३ मध्ये यूरोपीय आयोगाने अशा मासेमारीवर तातडीची बंदी घातली. २००४ मध्ये ती कायम झाली. २०११ च्या पाहणीनुसार कमी हानी झालेल्या पश्चिम भागात जिवंत प्रवाळ टिकून होते. पूर्वेकडील उद्ध्वस्त भागात मात्र आठ वर्षांच्या बंदीनंतरही नवी वाढ दिसली नाही. हे प्रवाळ अतिशय सावकाश वाढत असल्याने ट्रॉलर पोहोचण्यापूर्वीच क्षेत्र राखून ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.