मातीची फौज आणि १८१८ चा रायगड

दिवाळी जवळ आली की महाड-पोलादपूरकडच्या पोरांचे हात कोपरापर्यंत तांबड्या मातीने भरतात. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजावर उभे करायचे. हे मी तुम्हांला सांगावे असे नाही. एकीकडे रायगड आणि दुसरीकडे आंबेनळी घाट चढला की प्रतापगड, अशा मुलखातल्या मुलांना किल्ला शिकवावा लागत नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हे दोन्ही आहेत.

पण या मातीच्या किल्ल्यावर काळ नेहमी एकच असतो, शिवकाळ. रायगडाची शेवटची लढाई त्यावर कधी दिसत नाही. गुरुजी, यंदा शाळेत ती मांडून पाहा.

मातीची किंवा धातूची फौज मांडून लढाई समजून घेणे हे काही पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकारी नकाशावर ठोकळे सरकवून युद्धाचा अभ्यास करीत. तो खेळ रायस्विट्झ नावाच्या बापलेकांनी बसवलेला. पुढे इंग्लंडात ब्रिटन नावाच्या कारखान्याने १८९३ साली पोकळ शिशाचे शिपाई काढले. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, बाहेरचा थर थिजला की आतले परत काढून घ्यायचे. माल कमी, म्हणून किंमतही कमी. एच. जी. वेल्स या लेखकाने असे शिपाई जमिनीवर मांडून खेळायचे नियम १९१३ साली पुस्तकरूपाने छापले. आजही एकोणिसाव्या शतकातल्या पलटणी वीतभरही नसलेल्या बाहुल्यांत रंगवणारे लोक जगभर आहेत, आणि कोटाच्या बाहीचा रंग चुकला तर ते भांडतात!

आता आपली लढाई. १८१८ साली पेशवाई मोडत होती. दुसरा बाजीराव मैदानात पळतीवर, आणि त्याची पत्नी वाराणसीबाई रायगडावर. कर्नल प्रॉथर याच्या हाताखालच्या इंग्रज फौजेने गडाला वेढा घातला. तोफगोळ्यांनी गडावर आग लागली, वाडे जळाले. १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. कड्यावर चढून कोणी तो घेतला नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा. म्हणजे शिड्या लावायच्या नाहीत. तोफा खाली नि समोर, आणि आग वर.

रंगवायला बसलात की खरा प्रश्न येतो. गडावरच्या शिबंदीत अरब शिपाईही होते, तेव्हा सगळ्यांना एकच मावळी पागोटे चालणार नाही. खाली कंपनीचे पायदळ, अंगात लाल कोट, छातीवर पांढरे आडवे पट्टे. तोफखान्याचे कोट निळे. इथवर सोपे. पण लाल कोटातल्या माणसाचे तोंड कोणत्या रंगाचे? मुले पटकन गोरा रंग उचलतील. थांबवा त्यांना. काही पलटणी गोऱ्यांच्या होत्या खऱ्या, पण मुंबईच्या फौजेचा मोठा भाग देशी शिपायांचा, आणि त्यांतले कितीतरी कोकणातलेच, मराठे, महार आणि इतरही. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावे कोरलेली आहेत, ती त्याच वर्षीच्या लढाईतली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पुढच्या काळात पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. ज्यांना गावात पाणवठा बंद होता, त्यांना पलटणीत बंदूक, पगार आणि नाव मिळाले. लाल कोट अंगात का घातला, हे मुलांनी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा. फितुरी म्हणून विषय संपवू नका. दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांना एकाच वाटीतला रंग लावा.

रंगाची रीत मूर्तिकारांचीच. माती पुरती वाळली की खडूचा पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, मग कपडे, मग हत्यार. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, बारीक कुंचल्याने. काळ्यासाठी काजळी चालते, तांबड्यासाठी गेरू. मात्र कोटाचा लाल गेरूने मळकट दिसतो, तो विकतचाच घ्यावा.

मातीचा शिपाई मोडतो तो घोट्यात. म्हणून पाय जाड ठेवा आणि खाली बैठक द्या. कंपनीचे शिपाई एका लांब पुठ्ठ्याच्या पट्टीवर सहा-सहा चिकटवा, खांद्याला खांदा. गडावरचे एकेक सुटे, चपट्या खड्यावर. डिंकावर बारीक रेती टाकली की बैठक झाकते. पट्टी सरकवली की ओळ एकदम हलते, सुटे शिपाई मात्र हवे तसे दगडाआड लपवता येतात. कवायती फौज म्हणजे काय, ते मुलांना हातानेच कळते.

मापाचा आग्रह धरू नका. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. शाळेच्या अंगणात तो तीन फुटांचा केला, तर मापाने माणूस तिळाएवढाच होईल! तेव्हा शिपाई बोटभर, गड तीन फूट, आणि फळ्यावर हा हिशेब.

दिवाळीनंतर गडाची माती शाळेच्या बागेत जाऊ द्या. शिपाई मात्र खोक्यात भुसा घालून कपाटात ठेवा, आणि महाडात असाल तर सर्वांत वरच्या फळीवर. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी कुठवर चढले होते ते तुम्ही पाहिले आहे, आणि न भाजलेला शिपाई पाण्यात गेला की त्याचा पुन्हा चिखल होतो.